आईचा रकाना

आमच्या आक्केचू गावच्या बायका साठी उलटल्यावरही बाळंत होतात, हा शोध राजधानीतल्या, बिश्केकच्या कॉम्प्युटरला लागला तेव्हा तिथल्या ऑफिसात दोन दिवस हसण्यापलीकडे काही काम झालं नाही म्हणे. कोणी चौसष्टाव्या वर्षी आई झालेली, कोणी सत्तराव्या. एकीला तर नवरा वारून बराच काळ लोटल्यावर मुलगा झाला होता. पोटभर हसून झाल्यावर त्यांनी गावच्या दवाखान्यात फोन केला, आणि तो घ्यायला नेमकी सायकाल खिडकीपाशी बसलेली.

सायकाल म्हणजे दवाखान्यातली नोंदणीवाली. आधी ती शाळेत गणित शिकवायची. कॉम्प्युटर बंद पडला तरी ती घाबरत नाही, एवढ्या एका गुणावर डॉक्टर तुर्दाकुननी तिला शाळेतून उचलून इथे आणून बसवलं. आरोग्याच्या फायलींची नवीन यंत्रणा आली तेव्हा अख्ख्या गावाची नोंद तिनेच केली. माणूस खिडकीशी आला की ती विचारायची, "मुलाची आई कोण?" आणि समोरचा सांगेल ते लिहायची.

यात तिचं काय चुकलं, हे मला अजून कोणी नीट पटवून दिलेलं नाही. आमच्याकडे लेकाचं पहिलं मूल आजीआजोबांचं. चाळीस दिवस झाले की पाळणा त्यांच्या खोलीत जातो. मूल आजीला आपा म्हणतं, म्हणजे आई. जन्मदात्या बापाला दादा म्हणतं, आणि जिने नऊ महिने पोटात वाढवलं तिला जेंगे, म्हणजे वहिनी. यात लपवाछपवी नाही. गावाला ठाऊक असतं, जाणतं झालं की मुलालाही ठाऊक होतं, आणि बोलत कोणी नाही, कारण बोलण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटत नाही. तेव्हा "आई कोण?" म्हणून विचारलं तर माणूस जी आई आहे तिचंच नाव सांगणार. जन्माच्या दाखल्यावर कोण आहे ते सांगायला तो काय वकील आहे?

"सायकाल, तुमच्या गावच्या पाण्यात काय आहे हो?" फोनवर इरिना आर्कादियेवना होती. बिश्केकची कोरियन बाई, साऱ्या यंत्रणेची मुख्य.

"पाणी चांगलं आहे. का बरं?"

"आम्हालाही पाठवा थोडं. आमच्या इथल्या बायकांना चाळिशीतच गुडघे धरतात." मग तिचा आवाज बदलला. "हे बघा, आईच्या रकान्यात नुसतं नाव नसतं. नावामागून हक्क जातो. त्या बाईला मुलाची अख्खी फाइल उघडता येते. तुम्ही परक्या बायकांना फायली वाटत सुटलात."

"परक्या कशा? आज्या आहेत त्या."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग इरिना आर्कादियेवना म्हणाली, "तुम्ही दोन दिवस इकडे या."

बिश्केकच्या त्या दोन दिवसांच्या वर्गात सायकालने मन लावून ऐकलं, हे मी शपथेवर सांगतो. कोणाला काय दिसावं हे ठरवायच्या तीन पद्धती आहेत, असं इरिना आर्कादियेवनाने फळ्यावर लिहिलं. पहिलीत वस्तू ज्याची तो मालक, आणि कोणाला दाखवायचं ते मालकाच्या मर्जीवर. दुसरीत मालकाला कोणी हिंग लावून विचारत नाही. माहितीवर वरून शिक्का मारलेला, माणसावरही शिक्का मारलेला, दोन्ही जुळले तर दिसेल, नाही तर नाही. तिसरीत माणूस कोण आहे हे बघतच नाहीत, तो कुठल्या जागेवर आहे एवढंच बघतात. नर्सच्या जागेवर असेपर्यंत नर्सला दिसतं ते दिसणार, जागा सोडली की संपलं.

सायकालने हात वर केला. "म्हणजे मेंढीच्या वाट्यांसारखं?"

"कसं?"

"पंगतीत पुठ्ठ्याचं हाड सगळ्यात थोराला, मग मांडीचं, मग नडगीचं. माणूस कोण ते बघायचं नाही, मान बघायचा. ही तिसरी पद्धत झाली."

"अगदी बरोबर," इरिना आर्कादियेवना खूश झाली.

"पण आपला वाटा पिशवीत घालून घरी नेता येतो. घरी नेऊन तो कोणालाही देता येतो. मग ती पहिली झाली ना? आणि पुठ्ठ्याचं हाड कोणालाच बदलता येत नाही, यजमानालाही नाही. मग दुसरी?"

वर्ग हसला. इरिना आर्कादियेवनाने पाणी प्यायलं आणि सांगितलं की प्रत्यक्षात या पद्धती थोड्या मिसळलेल्या असतात. सायकालने वहीत लिहिलं, "मिसळलेल्या", आणि त्याखाली दोनदा रेघ ओढली. गाडीत बसून परत येताना तिने ते पुन्हा वाचलं, आणि जाताना डोक्यात जेवढं होतं त्यापेक्षा आता कमी उरलंय असं तिला वाटलं.

परत आल्यावर तिला एक मोठं नाव मिळालं. हक्कांची जबाबदार. म्हणजे आता दाखले बघायचे, आईच्या रकान्यातलं जुनं नाव खोडायचं आणि खरं घालायचं. खरं हा शब्द इरिना आर्कादियेवनाचा. सायकाल एकेक फाइल उघडत गेली. ज्यांची नावं खोडली त्या आज्या रस्त्यात भेटल्या की ती उगाच दुसऱ्या बाजूने चालू लागे, आणि आज्यांना बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नसे.

कुतमानची फाइल तिने सगळ्यात शेवटी ठेवली होती. कुतमान तिचा. म्हणजे सासूचा.

सासूचं नाव आसिलकान, पण सुनेने ते तोंडाने घ्यायचं नाही, तेव्हा सायकालसाठी ती एने. सायकालचा नवरा मायराम हा एनेचा एकुलता एक लेक, आणि कुतमान त्याचं पहिलं मूल. एनेने पाळणा उचलला तेव्हा सायकाल चुलीपाशी भांडी घासत होती, आणि तिने वर बघितलं नाही. मग दोन मुली झाल्या, त्या तिच्या राहिल्या. ती दुःखात होती असं मी म्हणणार नाही. रोजच्या धबडग्यात दुःखाला बसायला जागा कुठे असते? पण कुतमान बाहेरून यायचा, टोपीवरचा बर्फ झटकायचा आणि म्हणायचा, "जेंगे, खायला काय आहे?" तेव्हा भरल्या घरात तिला एकटीलाच काहीतरी टोचायचं.

तिने दाखला बघितला. एनेचं नाव खोडलं, स्वतःचं लिहिलं आणि बटण दाबलं. पडद्यावर अक्षरं आली. नातं, आई. हक्क, पूर्ण.

सायकाल उठून मागच्या अंगणात गेली आणि शेणाच्या गोवऱ्यांच्या ढिगाशी उभी राहिली. तिला रडू आलं नाही, हसूही आलं नाही. कोणीतरी आपल्याला दुसऱ्याचा कोट घातलाय आणि तो अंगाला बरोबर बसतोय, असं काहीतरी वाटलं. आणि मग भीती वाटली.

त्यानंतर ती रोज फाइल बघू लागली. त्याचं वजन, त्याचा रक्तगट, किडलेली दाढ, उजव्या डोळ्याचा नंबर. आणि शरदातली एक नोंद, तीही दुसऱ्या गावच्या दवाखान्यातली. घोड्यावरून पडून डावं मनगट मुरगळलं, आठवडाभर बांधून ठेवावं. खाली कारणही होतं, उलाक खेळताना. घोडेस्वारांनी बोकडाचं धूड एकमेकांच्या हातातून ओढायचा तो खेळ एनेने कुतमानला साफ बंद केला होता. पोराने आठवडाभर हात लपवला होता, आणि घरात कोणाच्या बापाला कळलं नव्हतं. एनेच्या बटणांच्या फोनवर लसीचे मेसेज तेवढे यायचे, फाइल उघडायची सोय त्यात नव्हती.

सायकालला हे कळून करायचं काय होतं? काही नाही. नुसतं कळत होतं, तेवढ्यानेच तिचं पोट भरत होतं. पण कळलेलं पोटात राहत नाही. एका संध्याकाळी दस्तरखानाभोवती, म्हणजे जेवणाच्या चादरीभोवती, सगळे बसले होते, ती चहा ओतत होती, कुतमानने वाटी घ्यायला डावा हात पुढे केला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं.

"मनगट आता दुखत नाही ना?"

कुतमानचा हात तसाच राहिला. "तुम्हाला कोणी सांगितलं, जेंगे?"

"कुठलं मनगट?" एने म्हणाली.

मग काय व्हायचं ते झालं. एनेने उलाकचा उद्धार केला, घोड्याचा केला, ज्या मित्राचा घोडा होता त्याच्या सात पिढ्यांचा केला. कुतमान मान खाली घालून ऐकत होता आणि मधूनच सायकालकडे बघत होता. ते बघणं तिला आवडलं नाही. एने दमली, तिने चहाचा घोट घेतला, आणि मग तिच्या ध्यानात आलं.

"पण हिला कसं कळलं? माझ्या आधी?"

"कॉम्प्युटरवर होतं, एने."

"आणि माझ्या फोनवर हल्ली काही येत नाही ते का?"

सायकालने सांगितलं. बोलताना तिने तीनही पद्धती सांगितल्या, फळ्यावर होत्या त्याच क्रमाने, आणि ऐकणाऱ्यांपैकी कोणाला काही कळलं असं दिसलं नाही. मायराम म्हणाला, "तुम्ही दोघी बघा, मी मेंढ्यांकडे जातो," आणि मेंढ्या आधीच आत घेतलेल्या असूनही तो गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एने दवाखान्यात आली. ठेवणीतली शाल, नवे बूट. रांगेत सहा-सात माणसं होती, त्यांनी वयाकडे बघून तिला पुढे जाऊ दिलं, आणि मग एकही जण घरी गेला नाही, कारण असा तमाशा फुकट कुठे मिळतो?

"मला परत लिही," एने खिडकीत वाकून म्हणाली.

"लिहिता येत नाही, एने. दाखल्यावर आहे तेच लिहायचं."

"दाखला कोणी वाढवला का? गोवर आला तेव्हा दाखला बसला होता त्याच्या उशाशी?"

"नाही, एने."

"मग मालक कोण?"

आता हाच प्रश्न सायकाल बिश्केकहून आल्यापासून स्वतःला विचारत होती. तिने इरिना आर्कादियेवनाला फोन लावला आणि आवाज मोठा केला. रांग दोन पावलं पुढे सरकली.

"आजींकडे पालक म्हणून काही कागद आहे का?" इरिना आर्कादियेवनाने विचारलं.

"कागद कशाला? मी त्याची आई आहे," एने म्हणाली.

"आजी, कागदाशिवाय नाही होत. पण एक सोपा मार्ग आहे. आई स्वतःच्या मर्जीने कोणालाही बघायची परवानगी देऊ शकते. सायकालने तुम्हाला परवानगी दिली की तुमच्या फोनवर पहिल्यासारखे मेसेज येतील. दोन मिनिटांचं काम आहे."

बिश्केकमध्ये ते दोन मिनिटांचं असेल. आक्केचूत सगळ्या रांगेने माना एनेकडे वळवल्या. 

"कोण कोणाला परवानगी देणार?" एनेने हळू विचारलं.

"सायकाल तुम्हाला."

"माझी सून मला देणार. माझ्या मुलाची." एनेने शाल सावरली. ती फोनकडे बघत नव्हती, सायकालकडे बघत होती. "माझ्या दस्तरखानावर सून मला वाटा काढून देणार आणि मी ओंजळ पुढे करणार. वा गं वा. चांगलं शिकून आलीस."

"मी नाही म्हटलं, एने, त्या म्हणाल्या…"

"देऊ नकोस. मला उष्टं चालत नाही."

एने गेली. रांगेतला एक म्हातारा खाकरला आणि म्हणाला, "माझा रक्तदाब बघायचाय," आणि नाव सांगितलं. सायकालने त्याचं नाव दोनदा चुकीचं टाइप केलं.

त्या संध्याकाळपासून एने सायकालच्या हातचा चहा घेईना. स्वतः उठायची, समोवारपाशी, चहाच्या बंबापाशी, यायची, स्वतःची वाटी स्वतः भरायची. परक्या माणसाला ही गोष्ट किरकोळ वाटेल. ज्या घरात सासू स्वतः चहा ओतून घेते त्या घरात सुनेने मरावं की माहेरी जावं, एवढाच प्रश्न उरतो.

आणि कळ सायकालच्या हातात होती. जबाबदार तीच. एक नाव खोडायचं, दुसरं लिहायचं, बिश्केकला कळेपर्यंत सहा महिने जातील. एका दुपारी तिने एनेचं नाव लिहिलंसुद्धा. बोट बटणावर नेलं आणि तिथेच ठेवलं. मग नाव पुसून टाकलं. हे नियमासाठी केलं की स्वतःसाठी, ते तिला कळेना. तिने खूप विचार केला, आणि जितका विचार करावा तितकं ते जास्तच गढूळ होत गेलं. नियमासाठी असेल तर एवढा आनंद का झाला? आणि स्वतःसाठी असेल तर एवढी लाज का वाटली?

तिने मधला मार्ग काढून बघितला. यंत्रणेत नवीन जागा तयार करता येत होती, म्हणून तिने "थोरली आई" नावाची जागा तयार केली आणि एनेला तिथे बसवलं. कॉम्प्युटरने काही कुरकुर केली नाही. नंतर कळलं की जागा मिळाली तरी तिला हक्क काहीच नव्हते, नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा. मग धनुर्वाताच्या लसीचा मेसेज सायकालच्या फोनवर आला. "तुमचा मुलगा कुतमान याला लस देण्याची तारीख आली आहे." तिने तो अक्षरन् अक्षर तसाच लिहून एनेला पाठवला. तुमचा मुलगा कुतमान. लिहिताना बोट जरा थांबलं, पण लिहिलं.

एनेने फोन हातभर लांब धरून वाचला. "सरकार सुनेच्या नंबरावरून कधीपासून बोलायला लागलं?" एवढंच म्हणाली. पण मेसेज पुसला नाही, आणि कुतमानला सोमवारी लस घ्यायला जायचंय हे तिनेच त्याला सांगितलं.

खरं तर ही सगळी मारामारी फार दिवसांची नव्हती. इरिना आर्कादियेवनाने वर्गातच सांगितलं होतं, की सोळा वर्षं पूर्ण झाली की आईबापांचा हक्क आपोआप बंद होतो आणि मूल स्वतःच आपल्या फाइलचं मालक होतं. त्याने, वाटलं तर, विश्वासातल्या एका माणसाचं नाव द्यायचं. वसंतातला नौरोजचा सण झाला की कुतमानला सोळा पूर्ण होणार होती. सायकालने हे एनेच्या कानावर घातलं, आणि एने म्हणाली, "मग ठरवू दे की त्याला." तिला उत्तर ठाऊक असल्यासारखी म्हणाली. सायकाललाही उत्तर ठाऊक होतं, आणि तरी एका कोपऱ्यात तिला वाटत होतं, की कोण जाणे.

मग घरात जे सुरू झालं ते बघून मायरामसुद्धा हसला. एने दर दिवसाआड तुपातला कातामा, म्हणजे पदरांची पोळी, लाटू लागली. सायकाल कुतमानच्या शर्टांना इस्त्री करू लागली, मळक्याही. एनेने त्याच्यासाठी घोड्याचं नवं खोगीर बघून ठेवलं, उलाक नको म्हणणाऱ्या एनेने. सायकालने त्याला गणिताच्या परीक्षेसाठी शिकवायला घेतलं आणि प्रत्येक चूक माफ केली. कुतमान कातामा खायचा, इस्त्रीचा शर्ट घालायचा, आणि दोघींकडे असा बघायचा की या बायकांना झालंय तरी काय.

सोळा पूर्ण झाली त्या दिवशी सकाळी सायकालने फोनवर फाइल उघडली. "तुमचा हक्क संपला आहे," एवढीच ओळ आली. तिने पुन्हा उघडून बघितलं, मग फोन पालथा ठेवला. आपण पंधरा वर्षं काही नसताना जगलो आणि दोन महिने असलेलं गेलं म्हणून छातीत एवढं का दुखावं, तिला समजेना.

दुपारी कुतमान आला. एने बरोबर होती, ठेवणीतल्या शालीत. सायकालने पडदा त्याच्याकडे वळवला.

"इथे तुझी सही. आणि इथे विश्वासातल्या माणसाचं नाव. एकच."

"मी काही बोलत नाही," एने म्हणाली. "त्याला लिहू दे. माझ्या नावात एकही अक्षर चुकू नये, एवढं बघ फक्त, मागे एकाने चुकवलं होतं."

कुतमानने रकान्याकडे बघितलं. मग त्याने सायकालला विचारलं, "रिकामं ठेवलं तर चालतं?"

सायकालला खोटं बोलता आलं असतं. तिच्याशिवाय तिथे कोणाला नियम ठाऊक नव्हता. "चालतं," ती म्हणाली.

"मग रिकामं ठेवा."

"कोणालाच नाही?" एने म्हणाली. "म्हणजे मलासुद्धा नाही?"

"आपा, तुला कळलं की तू ओरडतेस," कुतमान म्हणाला. त्याला राग नव्हता आलेला, समजावल्यासारखं बोलत होता. "जेंगेंना कळलं की त्या सगळ्यांसमोर विचारतात, आणि मग तू ओरडतेस. तूच सांग, मी कोणाला देऊ?" त्याने सही केली, टोपी उचलली. "राग नका मानू हं, जेंगे. आपा, मी संध्याकाळी येतो." बाहेर कोणाचा तरी घोडा खिंकाळला, आणि तो गेला.

सायकालने पडदा परत आपल्याकडे वळवला. रकाना रिकामा होता. तिने बटण दाबलं आणि तो तसाच बंद झाला.

दवाखान्यात त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं, रांग जेवायला गेली होती. एनेने खिडकीच्या कठड्यावर हात ठेवला आणि ती तिथेच उभी राहिली. आता ही आपल्यावर तुटून पडणार, असं सायकालला वाटलं. तिने मनाची तयारीही केली. चूक तिचीच होती, त्या संध्याकाळी तोंड मिटून चहा ओतला असता तर निदान एकीचं नाव तरी त्या रकान्यात असतं.

"डावं की उजवं?" एनेने विचारलं.

"काय, एने?"

"मनगट."

"डावं. आठवडाभर बांधून ठेवायला सांगितलं होतं."

"आणि त्याच आठवड्यात मी त्याच्याकडून कोळशाच्या बादल्या वाहून घेतल्या. कधी नव्हे ते कुरकुरत होता, तर मी त्याला आळशी म्हटलं." एने बाकावर बसली. "अजून काय होतं त्यात?"

संपलेल्या हक्काने पाहिलेलं सांगायचं नसतं, हे सायकालला ठाऊक होतं. ते कुठल्या पद्धतीत बसतं ते मात्र ठाऊक नव्हतं. तिने सगळं सांगितलं. वजन सांगितलं, रक्तगट सांगितला, किडलेली दाढ सांगितली. "उजव्या डोळ्याला नंबर आहे. चष्मा लिहून दिलाय, त्याने केला नाही."

"म्हणून पुस्तक नाकाशी धरतो. मला वाटायचं सोंग करतोय." एनेने मान हलवली. "पहिला दात कधी आला, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"कधी विचारलं नाहीस."

"मी कसं विचारणार, एने?"

"हं." एनेने बाकावरची धूळ तळहाताने पुसली, आपल्या शेजारची. "ये इकडे. बस."

सायकालने खिडकी लावून घेतली आणि बाहेर आली. एनेच्या शेजारी ती कधी बसली नव्हती, त्यामुळे हात कुठे ठेवायचे ते तिला सुचेना. एने दाताबद्दल सांगेल म्हणून ती वाट बघत होती.

"पहिल्या रात्री तो सारखा रडत होता," एने म्हणाली. "माझ्या खोलीत आणला त्या रात्री. तुला ऐकू येत होतं?"

"थोडा वेळ. मग तुम्ही रेडिओ लावलात."

"तुला ऐकू येतंय हे मला माहीत होतं. म्हणून लावला. तो गप्प राहायला शिकेपर्यंत रोज लावत होते."

सायकाल तिच्याकडे बघत राहिली. "मला वाटायचं, तुम्हाला गाणी आवडतात."

"मला?" एने म्हणाली. "गाण्यांनी माझं डोकं दुखतं."